कवचाचा पडदा ड्रायव्हरच्या डोळ्यांना विचारून ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेल्वेगाड्यांची टक्कर टाळणाऱ्या 'कवच' यंत्रणेच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. किती किलोमीटर मार्ग झाला, किती इंजिनांत बसली, किती कोटी लागले, हे सगळं त्यात असतं. पण ही यंत्रणा ड्रायव्हरशी ज्या पडद्यावरून बोलणार, त्याबद्दल एक ओळसुद्धा माझ्या वाचनात आलेली नाही. माझी ३३ वर्षे इंजिनात गेली, त्यातली शेवटची बरीचशी मेल-एक्स्प्रेसवर. म्हणून हे पत्र.

आधीच सांगतो, मी कवचाच्या विरोधात नाही. रुळांत टॅग, स्टेशनात रेडिओ टॉवर, इंजिनात संगणक, आणि ड्रायव्हरने लाल सिग्नलपुढे ब्रेक लावला नाही तर यंत्राने लावायचा, ही सोय आमच्या उमेदीच्या काळात असती तर आमच्या बायका रात्री जरा शांत झोपल्या असत्या. लखनौच्या आरडीएसओने, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेने, आपल्याच देशातल्या कंपन्यांना बरोबर घेऊन ती घडवली. २०१६ मध्ये प्रवासी गाडीवर चाचण्या सुरू झाल्या, २०२० मध्ये ती राष्ट्रीय प्रणाली ठरली, जुलै २०२४ मध्ये तिच्या ४.० आवृत्तीला मंजुरी मिळाली. आता ती हजारो इंजिनांत जाईल. एकदा गेली की पडद्यावरचं एखादं अक्षर बदलायचं म्हटलं तरी दहा वर्षं जातील, म्हणून बोलायचं ते आत्ताच.

जुन्या विजेच्या इंजिनांत आमच्यासमोर सुया आणि दिवे असायचे. दिव्यांची नावं एलएसडीजे, एलएससीएचबीए अशी. सुरुवातीची इंजिनं युरोपातून आली, त्यांच्याबरोबर फ्रेंच लघुरूपंही आली. डीजे म्हणजे फ्रेंच भाषेतला सर्किट ब्रेकर, हे मला नोकरीच्या पंधराव्या वर्षी कळलं. तोवर खानदेशातली, विदर्भातली पोरं ती नावं रामरक्षेसारखी घोकून पाठ करत होती. यंत्राने माणसाची भाषा शिकावी असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल.

सुयांचं मात्र वेगळं होतं. ब्रेक पाइपमधला हवेचा दाब दाखवणारी सुई ५ किलोवर उभी असली की ती बघावी लागत नसे. नजर समोरच्या रुळावर असायची आणि सुई डोळ्याच्या कोपऱ्यात. ती जरा जरी कलली तरी मान आपोआप खाली जायची. वेगाच्या सुईचंही तेच. माझा एक उस्ताद ड्रायव्हर म्हणायचा, "आकडा काय बघतो, काट्याचा कल बघ." निवृत्तीनंतर थोडं वाचन केलं तेव्हा त्यामागचं शास्त्र समजलं. डोळ्याच्या कडेने माणसाला हालचाल आणि कोन कळतो, अक्षर आणि अंक वाचता येत नाहीत. अंक वाचायचा तर नजर तिथे न्यावी लागते. १०५ च्या वेगात गाडी सेकंदाला २९ मीटर जाते. चार सेकंद मान खाली म्हणजे ११७ मीटर आंधळे.

मी नोकरीच्या शेवटी शेवटी जी इंजिनं चालवली, त्यांत पडदे आले होते. त्यातल्या एका प्रकाराची (नाव घेत नाही) एक रात्र सांगतो. पावसाचे दिवस, पुढचा काळोख काळाकुट्ट, आणि डावीकडे पडदा असा लखलखीत की काचेवर त्याचंच प्रतिबिंब. अंधाराला डोळे पुरते सरावायला अर्धा तास लागतो आणि असा उजेड ते सगळं क्षणात घालवतो. प्रकाश कमी करायची सोय असेलही, पण ती तीन पानं आत, मेन्यूत. मग आम्ही काय केलं? असिस्टंटने डब्याखालचं वर्तमानपत्र घडी करून पडद्यावर टेकवलं. त्या रात्रीपुरता वर्तमानपत्राचा हा उपयोग, संपादक महोदय, आपण माफ कराल.

पुढे डबल पिवळा, म्हणजे सावध करणारा सिग्नल, दिसायच्या सुमारास घडीच्या आडून गजर वाजला. घडी काढली. लाल पट्टी, इंग्रजी लघुरूप, एक क्रमांक, पोचपावतीचं बटण मागतेय. दोघंही वाचायला वाकलो. निघालं काय, तर एका पंख्याची किरकोळ तक्रार, शेवटच्या स्टेशनापर्यंत हात लावायची गरज नसलेली. डोकं वर केलं तेव्हा सिग्नल बराच जवळ आला होता. गाडी व्यवस्थित थांबली, कुठे नोंद झाली नाही. पण पंखा बिघडला तरी आणि जीव धोक्यात असला तरी गजर एकच, पट्टी तीच लाल, हे ज्याने ठरवलं तो माणूस रात्री इंजिनात कधी बसला होता का, असा प्रश्न मला त्या रात्री पडला आणि अजूनही पडतो.

हा प्रश्न माझ्या एकट्याचा असता तर पत्र लिहिलं नसतं. ५ ऑक्टोबर १९९९ ला लंडनच्या पॅडिंग्टनजवळ लॅडब्रोक ग्रोव्ह इथे दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, ३१ माणसं गेली. एका गाडीच्या ड्रायव्हरने एसएन १०९ हा लाल सिग्नल ओलांडला होता. तो पास होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, आणि तोही त्यात गेला. आपल्याकडे असतं तर "ड्रायव्हरची चूक" म्हणून फाइल मिटली असती. तिथल्या लॉर्ड कलन यांच्या चौकशीने मात्र अनेक धागे उलगडले. तो सिग्नल आधीच्या सहा वर्षांत आठ वेळा असाच ओलांडला गेला होता. वरच्या विजेच्या सांगाड्यामुळे तो नीट दिसत नव्हता, आणि सकाळचं ऊन पाठीमागून थेट दिव्यांवर पडत होतं.

पण मला त्यातलं खरं महत्त्वाचं वाटतं ते कॅबमधलं, म्हणजे ड्रायव्हरच्या खोलीतलं. ब्रिटिश गाड्यांत सिग्नलच्या अलीकडे रुळांत चुंबक असतो. पुढचा सिग्नल हिरवा असेल तर कॅबमध्ये घंटी वाजते. पिवळा असेल तर भोंगा वाजतो. डबल पिवळा असेल तरी भोंगा, आणि लाल असेल तरी तोच भोंगा. ड्रायव्हरने बटण दाबलं की भोंगा गप्प, नाही दाबलं तर ब्रेक. गर्दीच्या मार्गावर दिवसभर पिवळ्यावर पिवळे घेत जाणाऱ्याचा हात त्या बटणाकडे किती वेळा जात असेल? 'लांडगा आला रे आला' या गोष्टीत आपण पोराला दोष देतो, इथे तर लांडगा आणि शेळी यांच्यासाठी हाक एकच ठेवली होती. त्या सकाळीही भोंगा वाजला होता आणि बटण दाबलं गेलं होतं.

आपल्या इंजिनांतली दक्षता यंत्रणाही अशीच आहे. ड्रायव्हरने मिनिटभर काहीच केलं नाही की दिवा, मग गजर, मग ब्रेक. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान गाडी चालवलेला कोणीही खरं बोलला तर सांगेल, हात बटण दाबतो आणि डोकं कधीच झोपलेलं असतं.

युरोपच्या ईटीसीएस या कवचासारख्याच यंत्रणेचा पडदा ठरवताना माणसाचा विचार केलेला दिसतो. वेग अंकातही आहे, पण मुख्य आहे ती गोल तबकडी आणि काटा. सगळं ठीक असेल तोवर काटा करडा. पुढे वेग कमी करायचाय असं झालं की पिवळा, मर्यादा ओलांडली की नारिंगी, यंत्राने ब्रेक हातात घेतला की लाल. बाजूला पुढच्या मार्गाची पट्टी, तिच्यावर चढ-उतार आणि वेगमर्यादा. देश कोणताही असो, इंजिन कोणत्याही कारखान्याचं असो, मांडणी तीच. आपल्याकडे कवच पुरवणाऱ्या कंपन्या एकाहून जास्त आहेत. तपशीलपत्रक एकच असलं तरी अक्षराची जाडी, बटणाचा हाताला लागणारा स्पर्श, गजराचा सूर हेही सगळीकडे एकच असणार का? आज एका कंपनीच्या पडद्यासमोर आणि उद्या दुसरीच्या बसणाऱ्या ड्रायव्हरचा हात सवयीने जुन्याच जागी जाणार. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बर विमानांत चाकांची आणि पंखांच्या झडपांची कळ शेजारी-शेजारी आणि सारखीच होती. विमान जमिनीवर टेकल्यावर वैमानिक झडपांऐवजी चाकंच आत घ्यायचे. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने एका कळीला चाकाचा आणि दुसरीला पाचरीचा आकार द्यायला लावला. रबराचे दोन तुकडे, काम फत्ते.

चांगला पडदाही फसवतो, तो असा. वेल्समधल्या कॅम्ब्रियन मार्गावर २० ऑक्टोबर २०१७ रोजी तात्पुरत्या वेगमर्यादांची माहिती गाड्यांच्या पडद्यांपर्यंत पोचलीच नाही. ताशी ३० किलोमीटरच्या जागी एक गाडी ८० ने गेली. सिग्नल केबिनमधल्या संगणकावर सगळं ठीक दिसत होतं. एका ड्रायव्हरला आपल्या पडद्यावरची माहिती चुकीची असल्याचा संशय आला, त्याने कळवलं, तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडे आजही लॉबीत, म्हणजे ड्रायव्हरच्या हजेरीच्या जागी, सही करून कागदी कॉशन ऑर्डर हातात मिळते, कुठे वेग किती कमी ठेवायचा ते सांगणारी. पडदा आला की काही काळ दोन्ही असणार. कागद ३० म्हणतो आणि पडदा गप्प आहे, अशा वेळी नव्या पोराने कुणाचं ऐकायचं? पडदा गप्प असणं म्हणजे 'मर्यादा नाही' की 'मला माहीत नाही', हे दोन वेगळ्या चिन्हांनी दिसलंच पाहिजे.

आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. रोज साठीच्या जवळ आलेले ड्रायव्हर गाड्या चालवतात, त्यांना चाळिशी लागलेली असते. दोन भिंगांच्या चष्म्यात वरून सिग्नल दिसतो, खालून कागद वाचता येतो. पडदा असतो हातभर अंतरावर, म्हणजे दोन्हींच्या मधे. तो वाचायला हनुवटी वर करून मान मागे न्यावी लागते. पंचविशीतल्या अभियंत्याने टेबलावर बसून हे कधीच पाहिलेलं नसणार, त्यात त्याचाही दोष नाही.

असिस्टंट लोको पायलट व्हायचं तर संगणकावर मानसशास्त्रीय चाचणी द्यावी लागते, प्रत्येक भागात किमान ४२ टी-स्कोअर (इतरांच्या तुलनेत काढलेले गुण), त्यात कुणालाही सूट नाही. आरडीएसओमध्ये त्यासाठी स्वतंत्र मानसशास्त्र विभागच आहे. स्मरण, अवधान, आकलनाचा वेग असं सगळं माणसाचं मोजलं जातं आणि ते योग्यच आहे. माझी मागणी एवढीच की पडद्यालाही तशीच परीक्षा द्यायला लावावी. सिम्युलेटर आहेत. वेगवेगळ्या वयाचे ड्रायव्हर त्यावर बसवावेत, रात्रपाळी करून आलेले, चष्मेवाले, मराठी, तेलुगू, भोजपुरी घरांतले. नजर किती वेळ खाली गेली, कोणता गजर न वाचताच गप्प केला, कोणतं लघुरूप चुकीचं समजलं, हे मोजावं, आणि निकाल लोकांसमोर ठेवावा. पंख्याची तक्रार सिग्नल जवळ येत असताना दाखवायचीच नाही, मागे ठेवायची, एवढा एक नियम जरी झाला तरी मला पुष्कळ आहे.

भुसावळ परिसरात माझ्यासारखे निवृत्त बरेच आहेत. दुपारी नुसते बसलेले असतात. कुणी बोलावलं तर सिम्युलेटरवर बसायला आम्ही फुकट येऊ, चष्मे आमचे आम्ही आणू.

आपला,
एक निवृत्त लोको पायलट,
भुसावळ