सुटलेले टाके उचलून देणाऱ्या काकूंना

गेल्या शनिवारी दादरच्या विणकाम मंडळात पहिल्यांदाच निघाले होते. पिशवीत आईची अर्धवट राहिलेली शाल. लोकलमध्ये कुर्ल्याला झुंबड उडाली, सुई निसटली आणि टाके भराभर खाली सुटत गेले. दादरला उतरून बाकावर रडतच बसले. परत घरीच जाणार होते, खरं सांगते.

शेजारच्या काकूंनी एवढंच विचारलं, "टाके सुलट की उलट?" हात पदराला पुसले, पर्समधून क्रोशाची सुई काढली. खालच्या टाक्यात सुई घालून वरचा आडवा धागा ओढायचा, मग त्याच्या वरचा. शिडी चढावी तशा बारा ओळी! त्यापायी दोन लोकल सोडल्या त्यांनी. आईच्या हातची एकही ओळ उसवावी लागली नाही.

मंडळात नाव घातलंय. काकू, तुमचं नाव मात्र विचारायचं राहिलं. मनापासून आभार.