हीथवरच्या वाटाड्यांचे आभार

दक्षिण इंग्लंडच्या हीथवर, म्हणजे झुडपाळ माळरानावर, सिल्व्हर-स्टडेड ब्लू हे फुलपाखरू दाखवणाऱ्या अनोळखी वाटसरूंनो, मनापासून आभार. जूनअखेर ते जुलै हा त्याचा ऐन हंगाम. तासभरच हाती असेल तर हेदरची उंच, जुनी झुडपं सोडा आणि पायवाटेकडेची ठेंगणी रोपं, उघडी माती बघा, हा तुमचा सल्ला लाखमोलाचा! अळीला काळ्या मुंग्यांची सोबत लागते, म्हणून ते तिथेच सापडतं. वारा सुटला की झुडपात दडतं. संध्याकाळी मात्र शेंड्यावर डोकं खाली करून बसलेलं सहज दिसतं. कॉमन ब्लू या मिळत्याजुळत्या फुलपाखराशी गल्लत नको: मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला, कडेच्या काळ्या ठिपक्यांत चकाकती निळसर टिकली हवी. आणि हिवाळ्यात बर्चची रोपटी उपटणाऱ्यांचे आभार तर नेहमी राहूनच जातात. ते नसते तर हा माळ कधीच झाडीखाली गेला असता.