विज्या, फाइल कपाटातून काढ

नाशिक, गंगापूर रोड

प्रिय विज्या,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. वहिनींकडून सगळं कळलं. अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघालेत, डॉक्टरांनी बायपास सांगितलीय, आणि साहेब तुळशीचं लग्न होऊ दे, मग पुतणीचं होऊ दे, असं करत फाइल कपाटात टाकून बसलेत. वर "मी पॉझिटिव्ह माणूस, मला काही होत नाही" हे आहेच.

तुझ्या पॉझिटिव्हपणाशी माझं भांडण नाही. मायकेल शायर आणि चार्ल्स कार्व्हर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली बायपास झालेल्या ५१ पुरुषांचा अभ्यास छापला. त्यातले आशावादी लवकर हिंडूफिरू लागले, लवकर कामाधंद्याला लागले. इथवर तू खूश होशील. पण हे गडी ऑपरेशनच्या आधीपासूनच बरं झाल्यावर काय काय करायचं याचे बेत आखत होते. १९९३ साली कार्व्हरनेच स्तनाच्या कॅन्सरच्या ५९ बायकांबद्दल लिहिलं, त्यातही तेच. आशावादी बायकांनी झालंय ते मान्य केलं, त्यावर थट्टाही केली. 'मला काही झालंच नाही' असं धरून बसणं निराश स्वभावाच्या बायकांत जास्त होतं. म्हणजे बघ, तू कोणाच्या रांगेत उभा आहेस!

'इतरांना होईल, मला नाही' हा प्रकार वेगळा. नील वाइनस्टीनने १९८० साली त्याला अवास्तव आशावाद म्हटलं. तुझा मुक्काम सध्या तिथे आहे.

आमच्या दिंडोरीकडच्या दादांना तू ओळखतोस. द्राक्षवाला माणूस, म्हणजे आशेवरच जगणारा. दरवर्षी ऑक्टोबर छाटणी करताना यंदा माल एक्स्पोर्टला जाणारच. पण रात्री पावसाची सर आली की हाच माणूस पहाटे ब्लोअर घेऊन बागेत, द्राक्षावरचा डावणी रोग यायच्या आत फवारणी. 'माझ्या बागेत नाही येणार' म्हणत तो कधी झोपला नाही. बायपासलाही तसाच गेला. डॉक्टरांना पहिला प्रश्न, "छाटणीला बांधावर उभा राहीन ना?" मग तंबाखू कधी सोडायची, बायपासला लावायची पायातली शीर कुठून काढणार, सगळं विचारून घेतलं. ऑपरेशननंतर ते तीन चेंडूंचं फुंकणीसारखं यंत्र असतं ना, श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे? पहिला चेंडूही धड उचलेना. खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायची, डोळ्यांतून पाणी. घाबरलेला होता रे, हात थंडगार. पण दर तासाला यंत्र हातात. तिसरा चेंडू हलला तेव्हा सिस्टरला बोलावून दाखवला.

आता 'पॉझिटिव्ह राहा, सगळं बरं होतं' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, हेही सांगून टाकतो. ऑस्ट्रेलियात फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांचा अभ्यास झाला, २००४ साली छापून आला. तिथे आशावादाने आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. तेव्हा मन खट्टू झालं, रात्री रडू आलं, म्हणून आता आपलं वाईटच होणार असं धरू नकोस. भीती वाटू दे. भ्यायलेला माणूसही तारीख घेऊ शकतो.

सर्जनला विचारायचं लिहून ठेव: किती थांबलं तर चालेल, स्टेंटने का भागणार नाही, शुगर आधी किती खाली आणायची, घरी किती दिवसांनी सोडतील, गाडी कधी चालवता येईल. तुझ्या त्या ट्रेकचंही विचार, लाजू नकोस. मनात शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे, पण फाइल घेऊन जा, कपाटाला विचारून काय उपयोग!

शनिवारी सकाळच्या बसने येतोय, नाशिक फाट्याला उतरेन. स्कूटर घेऊन तू यायचं नाहीस, मी रिक्षा करतो. सगळे रिपोर्ट टेबलावर काढून ठेव. वहिनींना सांग, जेवायला साधंच करा, तेलकट काही नको.

तुझा,
बाळ्या