गिरणीत घालू तेच निघतं?

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तर्क म्हणजे गिरणी. जे दाणे घालू त्याचंच पीठ पडणार. नवं काही कळायचं तर डोळे उघडून बघायलाच हवं." मी तेव्हा काहीतरी पुटपुटलो आणि जेवलीस का विचारून विषय बदलला. उत्तर सुचलं नव्हतं, दुसरं काय! आता चार दिवसांनी सुचलंय, म्हणून लिहायला बसलोय.

आधी एक कागद घे. कुठलीही संख्या धर, तिचा वर्ग कर, त्यात तीच संख्या मिळव आणि वर ४१ मिळव. ० धरलास तर ४१ येतात. १ ला ४३, २ ला ४७, ३ ला ५३, ४ ला ६१. सगळ्या मूळ संख्या. पुढे जात राहा. ३९ ला १६०१ येतात, तीही मूळच. म्हणजे चाळीस वेळा करून पाहिलं आणि चाळीसही वेळा जमलं. फक्त डोळ्यांवर भिस्त ठेवणारा माणूस इथे 'हे नेहमीच जमणार' अशी सही करून मोकळा होईल.

आता ४० धर. गुणाकार मात्र करू नकोस, नुसतं बघ. चाळीस वेळा चाळीस आणि वर एक चाळीस, म्हणजे एक्केचाळीस वेळा चाळीस झाले. त्यात आणखी ४१. झाले की नाही एक्केचाळीस वेळा एक्केचाळीस? मग ती मूळ संख्या कुठून असणार! हे सूत्रात पहिल्यापासूनच होतं, त्या अर्थी तुझी गिरणी बरोबर आहे. पण मी एका संध्याकाळी या चाळीस ओळी हाताने लिहून काढल्या होत्या, तेव्हा मला ते दिसलं नव्हतं. आत असणं वेगळं आणि आपल्याला ठाऊक असणं वेगळं, आणि मधली वाट तर्कानेच चालावी लागते.

तू म्हणशील, ही गणिताची गोष्ट झाली, जग म्हणजे आकडे नव्हेत. मान्य. मग आकाशात चल.

युरेनस ग्रह गणिताने ठरवलेल्या वाटेवरून किंचित ढळत होता. पॅरिसच्या ल व्हेरिए या खगोलशास्त्रज्ञाने विचार केला, पलीकडे कोणी न दिसणारा ग्रह याला ओढत असेल तर तो नेमका कुठे असायला हवा? कागदावरच हिशेब करून त्याने बर्लिनच्या वेधशाळेत गालेला पत्र पाठवलं. २३ सप्टेंबर १८४६ ला पत्र पोचलं आणि त्याच रात्री गालेला ग्रह सापडला, सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्याही आत. तोच नेपच्यून. डोळे गालेचे, पण त्यांना कुठे बघायचं हे कागदाने सांगितलं होतं. त्याआधीही नेपच्यून काही दुर्बिणींतून दिसून गेला होता, गॅलिलिओच्याही. त्यांनी तो तारा म्हणून सोडून दिला.

इथवर लिहून थांबलो असतो तर वाद मी जिंकला असता. पण याच माणसाची दुसरी गोष्ट तुला न सांगणं म्हणजे लबाडी होईल.

बुध ग्रहाचाही हिशेब जुळत नव्हता. त्याच्या कक्षेचा सूर्याजवळचा बिंदू अपेक्षेपेक्षा थोडा जास्त सरकत होता, शंभर वर्षांत जेमतेम ४३ विकला (विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग). १८५९ मध्ये ल व्हेरिएने पुन्हा तीच वाट धरली: सूर्याजवळ एखादा न दिसणारा ग्रह असणार. त्याचं नावही ठरलं, व्हल्कन. एका हौशी निरीक्षकाने तर तो सूर्यबिंबावरून जाताना पाहिल्याचंही कळवलं! (डोळ्यांची साक्ष म्हणतेस ना, ती ही अशी.) असा ग्रह नव्हताच. ल व्हेरिए १८७७ मध्ये गेला आणि १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धांतातून ते ४३ विकला आपोआप निघाले. चूक ग्रह मोजण्यात नव्हती, गुरुत्वाकर्षणाच्या नियमातच थोडी उणीव होती.

मग पहिल्यांदा बरोबर आलेला तर्क दुसऱ्यांदा का फसला? मला वाटतं, तो दोन्ही वेळा सारखाच अर्धवट होता. लपलेला ग्रह असेल तर मार्ग ढळतो, हे पक्कं. पण मार्ग ढळला म्हणजे लपलेला ग्रह आहेच, हे पक्कं नाही. तो अंदाज आहे, आणि अंदाज तपासायला दुर्बीण लागतेच. इथे तुझं म्हणणं मला पूर्ण पटतं.

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या जुन्या पंडितांनी, ही उलटसुलट फार बारकाईने पाहिली होती. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान चालतं. अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे चालत नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला ते 'उपाधी' म्हणत. मला हा शब्द फार आवडतो. कोणी ठासून "अमुक असलं की तमुक असतंच" म्हणालं की मी मनात विचारतो, यात ओलं सरपण कुठलं?

विचारतो म्हणजे, विचारायला हवं. गेल्या महिन्यात बैठकीतलं घड्याळ बंद पडलं. सेल संपला की घड्याळ थांबतं, घड्याळ थांबलंय, म्हणजे सेल संपला. नवा घातला. तासाभरात पुन्हा बंद. मी म्हटलं, हा सेलच खराब निघाला, आणि दुसरा नवा आणला. तोही गेला. तिसरा आणायला चप्पल घालत होतो, तेवढ्यात तुझी आई घड्याळाला कान लावून म्हणाली, "अहो, टिकटिक चालू आहे." काटे एका जागी आणि टिकटिक चालू! काच आत दबली होती आणि सेकंदकाटा तिला घासून अडकत होता.

तिन्ही सेल ड्रॉवरमध्ये आहेत, जुनासुद्धा. तो काल रिमोटमध्ये घालून पाहिला, मस्त चालतोय.

तुझा,
बाबा