संत्या, कंट्रोलर अजून बदलू नकोस

प्रिय संत्या,

व्हिडिओ मिळाला, फोटोही मिळाले. दादांची काळी सायकल विजेवरची होऊन परत रस्त्यावर आली हे बघून लय भारी वाटलं. काकू ती भंगारात द्यायला निघाल्या होत्या तेव्हा तू अडून बसलास ते फार चांगलं केलंस. मागचा चिमटा फाकवून १३५ मिली रुंदीची मोटर बसवलीस तेही एकदम सफाईदार झालंय, मला वाटलं होतं वेल्डिंग करावं लागेल.

आता कामाचं बोलू. घाटात गाडी बंद पडायला लागली आणि मग चाक नुसतं थरथरतंय, त्यावर दुकानदार म्हणतोय कंट्रोलर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला मोजून देणारा डबा, गेला, नवीन घ्या. थांब जरा, पैसे देऊ नकोस. आणि बॅटरी काढून बाजूला ठेव, परत एकदा थ्रॉटल मारून बघू असं मनात सुद्धा आणू नकोस.

का ते सांगतो. केबल बाहेर येते त्या बाजूचा तू फोटो पाठवलायस ना, तो मोठा करून बघ. एक्सलला दोन सपाट बाजू असतात, त्या चिमट्याच्या खाचेच्या कडांना लागून सरळ असायला पाहिजेत, तुझ्या तिरक्या झाल्यात. खाचेच्या तोंडाशी काळा रंग उडून लोखंड चमकतंय आणि केबलचं रबर बाहेर पडतं तिथेच पिळलेलं दिसतंय. म्हणजे एक्सल खाचेत फिरलाय संत्या. हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यात बसणारी मोटर, चाकाला जेवढ्या जोराने पुढे ढकलते तेवढ्याच जोराने एक्सलला मागे पिळते, आणि तो जोर धरायला तुझ्याकडे नुसते दोन नट आणि साधे वायसर आहेत. सपाटीवर निभावलं, पण यवतेश्वरच्या चढाला तू उभ्यानेच फुल थ्रॉटल दिलास, गाडी बंद पडली, परत चालू करून परत दिलास, तेव्हा तो प्रत्येक झटका त्या खाचेवर बसला. चाक थरथरायला लागलं ते त्याच्यानंतर, हे तूच लिहिलंयस. आधी मोटर मस्त गुळगुळीत चालत होती, म्हणून कोणी मोटरच्या पिवळी-हिरवी-निळी वायर उलटसुलट जोडून बघू म्हणाला तर ऐकू नकोस, जोडणी बरोबरच होती, नंतर काहीतरी तुटलंय.

त्या केबलमध्ये तीन जाड वायर आणि पाच बारीक. जाड तीन म्हणजे फेज, त्यांच्यातून मोटर फिरवणारी वीज जाते, बारीक पाचात लाल आणि काळी सप्लायची आणि उरलेल्या तीन हॉल सेन्सरच्या. चाक आत्ता नक्की कुठल्या जागी आहे हे कंट्रोलरला सेन्सर सांगतात, त्यातला एक जरी गप्प झाला तर मोटर अशीच जागच्या जागी थरथरते आणि हाताने ढकललं की खडखडत चालते, तुझ्या व्हिडिओत अगदी तेच होतंय. एखादी फेज सुटली तरी असंच होतं. पण मला भीती वेगळीच आहे. पिळामुळे जाड वायर बारकीला आत कुठे टेकली असली तर बॅटरीचं अख्खं व्होल्टेज ५ व्होल्टच्या लाइनीत घुसतं, आणि मग चांगला असलेला कंट्रोलर खरंच जातो, नवीन आणून जोडलास तर तोही जाईल.

मल्टिमीटर आहे ना तुझ्याकडे? मग बॅटरी काढलेलीच असू दे आणि मोटरचे सगळे कनेक्टर सोड. मीटर बीपवर ठेवून प्रत्येक वायर एक्सलच्या लोखंडाला लावून बघ, मग प्रत्येक जाड वायर प्रत्येक बारकीला लावून बघ, कुठेच बीप यायला नको. तीन जाड वायर एकमेकींना लावल्यावर बीप येणारच, ती कॉइल आहे, घाबरू नकोस. कनेक्टरच्या आत पण डोकावून बघ, पिन मागे सरकलेली असली तर बाहेरून कळत नाही.

हे सगळं स्वच्छ निघालं तरच पुढे जा. फक्त हॉलचा कनेक्टर परत जोड, जाड तीन सुट्याच राहू देत पण टोकं एकमेकांना लागू देऊ नकोस, मग बॅटरी जोड आणि स्विच चालू कर. लाल-काळीत साधारण ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. आता काळा प्रोब काळीवरच ठेव, लाल प्रोब बारीक पिवळीवर ठेव आणि चाक हळूहळू उलटं फिरव. उलटंच फिरव हं, तुझी गिअरवाली मोटर आहे, तिच्या आत क्लच असतो आणि चाक पुढे फिरवलं तर आतली मोटर फिरतच नाही, उगाच सेन्सर मेला असं वाटेल. आकडा शून्याजवळ, मग पाचाजवळ, परत शून्य असा उड्या मारला पाहिजे. तसंच हिरवीला आणि निळीला. जी उडी मारत नाही तिथे तुझा फॉल्ट आहे. तिन्ही मारतायत असं निघालं तर मग कंट्रोलरकडे वळू, त्याचीही सोपी टेस्ट आहे: बॅटरी काढ, जाड वायर जोडून चाक उलटं फिरव, मग सोडून फिरव. जोडल्यावर जड आणि सोडल्यावर हलकं लागलं तर कंट्रोलरच्या आतले मॉसफेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारे स्विच, शॉर्ट आहेत आणि दुकानदार बरोबर आहे.

बॅटरी जोडताना ठिणगी उडते म्हणालास ती वेगळी गोष्ट आहे, कंट्रोलरमधले वीज साठवणारे कपॅसिटर एकदम भरतात म्हणून उडते. फार मोठी नसेल तर मनावर घेऊ नकोस.

घाटात बंद पडण्याचं कारण मात्र या थरथरण्यापेक्षा वेगळं आहे, दोन्ही एकात मिसळू नकोस. तू लिहिलंस की डिस्प्ले पण विझायचा आणि स्विच बंद-चालू केला की परत यायचा. डिस्प्लेसकट सगळं जातं तेव्हा बॅटरीतला बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारं सर्किट, वीज तोडतोय. डिस्प्ले चालू राहून नुसती मोटर थांबली असती तर ब्रेकचा कट-ऑफ (ब्रेक दाबला की मोटर थांबवणारा स्विच) नाहीतर कंट्रोलरचं लो-व्होल्टेज बघायला सांगितलं असतं. तुझा पॅक ३६ व्होल्टचा आहे, म्हणजे १० सेल सिरीजमध्ये, फुल चार्जला ४२ व्होल्ट. चार्जरवरून काढल्या काढल्या मोज. ४० च्या आसपासच अडकला असेल तर सेलची एखादी जोडी खाली बसलीये, आणि चढावर करंट ओढला की ती जोडी सगळ्यात आधी लोळण घेते. पॅक स्वतः उघडू नकोस, आपण दोघं मिळून उघडू.

आणि थोडा हिशोब पण कर. तू, सायकल, मोटर, बॅटरी मिळून ११० किलो धर. शंभर मीटरला सहा मीटर चढ असेल आणि ताशी १५ ने चढायचं असेल तर नुसत्या चढालाच जवळपास २७० वॅट लागतात, वारा आणि टायर वेगळेच. तुझी मोटर २५० ची. म्हणजे घाटात पायडल मारायचंच, थ्रॉटलच्या जिवावर बसून राहायचं नाही. आणि तो दुकानदार पाचशे वॅटची मोटर गळ्यात मारायला बघतोय ना, ती पण घेऊ नकोस. पाव किलोवॅट किंवा ताशी २५ किलोमीटर, यातल्या एकाच्याही वर गेलास की कायद्याने ती मोटार वाहन होते, मग नोंदणी, लायसन्स, सगळं आलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सेन्सर मेला तर तू सायकल ढकलत घरी येशील, बॅटरी मेली तरी येशील. एक्सल खाचेतून सुटला तर घाटाच्या उतारावर मागचं चाकच निघेल. म्हणून दुरुस्तीचं बाकी काहीही व्हायच्या आधी टॉर्क आर्म, म्हणजे एक्सलला फिरू न देणारी पट्टी, पाहिजे, दोन्ही बाजूंना. एमआयडीसीत कोणाकडूनही ५-६ मिलीची पोलादी पट्टी कापून घे, तिला १० मिलीची खाच पाडायला सांग पण शेवटचा हात कानशीने मार, ग्राइंडरने सैल होते. एक्सलवर हाताने दाबून जेमतेम बसली पाहिजे, हलली तर उपयोग नाही. दुसरं टोक चिमट्याला क्लॅम्पने आवळ. खाचेची तोंडं फाकली असतील तर ती पण आधी सरळ करून घे.

त्यासाठी चाक काढशीलच, तेव्हा चाकाच्या तारा (स्पोक) दोन-दोन करून दाबून बघ, नवीन चाकाच्या तारा सुरुवातीला ढिल्या पडतातच, चाकाचा आऊट, म्हणजे डुलणं, काढून घे. आणि परत बसवताना केबलला एक्सलच्या खाली झोल ठेव, पावसाचं पाणी त्या झोलावरून ठिबकून जातं, नाहीतर केबल धरून सरळ मोटरमध्ये उतरतं.

हॉलची रीडिंगं कागदावर लिहून फोटो पाठव, कुठली वायर ते रंगासकट. बारीक वायर आत तुटलेली निघाली तर मोटर उघडावी लागेल, रविवारी मी सोल्डरिंग घेऊन येतो. दादांना सांग सायकल पंधरा दिवसांत परत दारात उभी असेल, आणि तोवर त्यांना बॅटरी जोडू देऊ नकोस.

तुझा,
मिल्या