गोणीतल्या पाच माद्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

भटक्या कुत्र्यांविषयी पत्रं छापून येतात, ती बहुतेक शहरातली. मी वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. ३१ वर्षं आरोग्यसेविका होते. कुत्रा चावलेला माणूस दोन सुया झाल्या की कापूस वेचायला निघून जायचा, मग सातव्या दिवसाच्या सुईसाठी मीच त्याच्या घरी जाऊन ओरडायची. तेव्हा ‘कुत्रं काही करत नाही’ म्हणणाऱ्यांतली मी नव्हे.

निवृत्तीनंतर मात्र गावातलं धट्टंकट्टं कुत्रं गावाचं आणि मोडलेलं माझं, असा हिशोब झाला आहे. “बाई, तुमचं कुत्रं फाट्यावर पडलं!” असा फोन येतो. त्या कुत्र्याला मी कधी पाहिलेलंही नसतं.

मागच्या दिवाळीआधी पहाटे फाटकाशी खताची गोणी ठेवलेली दिसली. आत पाच पिल्लं, पाचही माद्या. नर पिल्लं लोक ठेवून घेतात. आठवड्यात त्यांना रक्ताची हगवण लागली. गुरांच्या डॉक्टरांना विचारून मी कातडीखाली सलाईन सोडत राहिले. तिघी गेल्या. तिसरीला बाभळीखाली पुरून आले आणि ओट्यावर रडत बसले. शेजारीण म्हणाली, “माणसं मरून रायले इथं, अन् तुम्ही कुत्र्यापायी रडून रायल्या?”

तिचं खोटं नव्हतं. त्याच गल्लीत आदल्या वर्षी एक जण फवारणीचं औषध पिऊन गेला. त्याच्या आईजवळ रात्रभर मीच बसले होते. म्हणून तिला काही बोलता आलं नाही. आता मी गोठ्यात जाऊन रडते. म्हैस काही विचारत नाही.

उरलेल्या दोघींपैकी एक शेतावर दिली, एक माझ्याकडे आहे. पण पुढची गोणी येणारच. मादी वर्षातून दोनदाही विऊ शकते.

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी आणि लसीकरण हे काम स्थानिक संस्थांचं, त्यात पंचायतीही आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं, पिसाळलेलं किंवा अंगावर धावणारं नसेल तर, जिथून उचललं तिथेच सोडा. आमच्याकडे सोडायचा प्रश्नच नाही, आधी उचलायला तर कुणी यावं. ग्रामसभेत मी विषय काढला, तर “निधी नाही” म्हणाले. आणि हसले.

एकट्या गावाला जमत नसेल, तर तालुक्यातल्या पंचायतींनी मिळून मान्यताप्राप्त संस्थेचं पथक हिवाळ्यात बोलवावं. शस्त्रक्रियेनंतर कुत्री सांभाळायला जागा लागते, ती मी देते. अर्धा गोठा रिकामा करीन. म्हशीला सांगून ठेवते.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. कारंजा (लाड), जि. वाशीम