लाखेच्या तबकडीला स्पिरिट नको

महोदय,
रविवारच्या पुरवणीत कंट्री (अमेरिकी ग्रामीण संगीत) आणि माळवी लोकगीतांच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्यांवरील लेख वाचला. तबकडी स्पिरिटने पुसावी, हा त्यातील सल्ला घातक आहे. १९२७ मध्ये अमेरिकेतील ब्रिस्टल येथे ध्वनिमुद्रित झालेली कार्टर कुटुंब या कंट्री गायकांची गाणी असोत वा आपल्याकडची, त्या काळची मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असते (ती लाख बहुतेक भारतातूनच जाई!) आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. खाच एकदा खराब झाली की गेलेला आवाज परत येत नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये द्रव साबणाचे दोन थेंब टाकून मऊ कापडाने खाचांच्या दिशेने पुसावे. मधला कागद भिजू देऊ नये. आणि एलपीची (नंतरच्या व्हिनाइल तबकडीची) सुई लावू नये. तिच्या टोकाची त्रिज्या जेमतेम २५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), इथे सुमारे ७५ लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते आणि खरखरच जास्त ऐकू येते.

— एक वाचक, इंदूर